चौकीची सखोल पाहणी

ज्या माणसावर सारे शहर हसते, त्याला कामावरून काढण्यापूर्वी पुरती चौकशी करावी; कारण त्याच्या जागी येणारा माणूसही तितकाच हसण्याजोगा निघेल, अशी हमी कोणतेही सरकार देत नाही. लंडन शहराने ही चौकशी केली नाही. आमच्या संत विनिबर्टच्या पेठेने तर मुळीच केली नाही, आणि त्याचे परिणाम विंपनीबाईंना भोगावे लागले.

विंपनीबाई म्हणजे डॉर्कस विंपनी. पेठेच्या कोपऱ्यावर त्यांचे छापील चित्रांचे दुकान होते. दुकानाला लहान लहान काचांची एक भली मोठी खिडकी, आणि प्रत्येक काचेमागे एक चित्र: लठ्ठ मंत्री, रोडके कवी, रोग्याची जीभ पाहून स्वतःची बाहेर काढणारे डॉक्टर. ही चित्रे रस्त्यावरून फुकट पाहता येत. लोक उभे राहत, हसत, आणि जो फारच हसे त्याला शेवटी लाज वाटून तो आत येई व एखादे चित्र विकत घेई. म्हणजे बाईंचा सगळा धंदा लोकांच्या उभे राहण्यावर उभा होता. हे नीट ध्यानात ठेवावे. पुढचे सारे यावरच आहे.

सर्वांत जास्त खपे तो चार्ली. रात्रीच्या पहारेकऱ्याला लंडनमध्ये चार्ली म्हणत. (आईबापांनी नाव काय ठेवले होते याची चौकशी करण्याची पद्धत नव्हती.) आमच्या पेठेचा चार्ली म्हणजे एनॉक ट्रिब. हा पूर्वी बूट शिवत असे. पुढे त्याला दिसेनासे झाले, तेव्हा पेठेच्या पंचांनी त्याला डोळ्यांत तेल घालून पहारा करण्याच्या कामावर नेमले.

या नेमणुकीमागे विचार होता. घरी बसलेल्या म्हाताऱ्याला पोसण्यापेक्षा बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला पोसणे पेठेला स्वस्त पडे. पहारेकऱ्याने दर अर्ध्या तासाला किती वाजले आणि हवा कशी आहे हे ओरडून सांगायचे असे. त्यामुळे तो नेमका कोठे आहे हे चोरांना कळे, आणि चोर व पहारेकरी यांची अंधारात अचानक गाठ पडून होणारे अपघात टळत. शिवाय त्याच्याजवळ एक मोठा लाकडी खुळखुळा असे. संकट आले की तो फिरवायचा; म्हणजे पुढच्या गल्लीतला पहारेकरी जागा होई आणि आपला खुळखुळा शोधू लागे. बसायला एक लाकडी चौकी दिलेली असे. चौकी म्हणजे एक माणूस बसता मावेल एवढे, पुढून उघडे असलेले कपाट. ट्रिबची चौकी विंपनीबाईंच्या खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या कडेला होती.

खानदानी घरांतले तरुण जेवून बाहेर पडले, की ही चौकी पहारेकऱ्यासकट तोंडावर पालथी घालत. आत अडकलेला चार्ली हाका मारी आणि तरुण त्या हाका मोजत हसत. हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. त्यांतले पुष्कळजण पुढे न्यायाधीश झाले.

बाईंच्या माडीवर ऑरलँडो फिच नावाचा चित्रकार बसे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, तेजाबाला खायला घालायचे आणि छापायचे हे त्याचे काम. मग खालच्या लांब टेबलाशी बसलेल्या बायका त्यात हाताने रंग भरत: एक नाके लाल करी, दुसरी कोट तपकिरी करी, तिसरी कंदील पिवळा करी. फिचने वर्षानुवर्षे ट्रिबचे चित्र काढले. झोपलेला ट्रिब, पालथा ट्रिब, चोराची शिडी धरून उभा राहिलेला ट्रिब. दुसरा माणूस काढावा असे त्याला कधी वाटले नाही, कारण ट्रिब खिडकीसमोर होता आणि हलत नसे.

ही चित्रे घरोघर गेली. मोठमोठ्या साहेबांच्या भिंतींवर लागली. रोज न्याहारी करताना समोर झोपलेला पहारेकरी पाहून शेवटी साहेबांना वाटू लागले की यावर काहीतरी करायला हवे. आमच्या पेठेत हा सुधारणेचा झेंडा थॅडियस क्रम्प यांनी खांद्यावर घेतला. क्रम्प हे पेठेचे पंच, आणि व्यवसायाने शवपेट्या बनवणारे. त्यांचे दुकान बाईंच्या दुकानाला लागूनच होते. त्यांनी पहाऱ्याविषयी एक अहवाल पंचांपुढे वाचून दाखवला. त्यातले मुख्य आकडे असे:

पेठेत झालेल्या चोऱ्या: पुष्कळ.
त्यांपैकी पहारेकऱ्याने पाहिलेल्या: एक. (तीत त्याने कंदील धरला होता.)
पहारेकऱ्याच्या चोरीस गेलेल्या वस्तू: काठी, टोपी, आणि नंतर तोच कंदील.
पहारेकऱ्याची झोप: मोजता आली नाही. मोजणारे पंच त्या वेळी घरी झोपलेले होते.

अहवाल एकमताने मान्य झाला, आणि सरकारने नवे पोलीस आणले.

नव्या पोलिसांविषयी वाईट बोलण्यासारखे काहीच नव्हते, आणि तिथेच बाईंची पंचाईत झाली. हे तरुण होते, उंच होते, सरळ चालत होते. अंगात निळा कोट, डोक्यावर उंच काळी टोपी, आणि गळ्याशी आकडा, म्हणजे तक्रार करताना माणसाविरुद्ध न करता आकड्याविरुद्ध करता येई. ते दारू पीत नसत. (जे पीत ते पहिल्या आठवड्यात काढून टाकले, ज्यांना तेव्हा पकडता आले नाही ते दुसऱ्या आठवड्यात काढले.) मुख्य म्हणजे ते जागे असत. जाग्या माणसाचे चित्र काय काढणार?

जुनी चार्लीची चित्रे तर खपायचीच बंद झाली. काल ज्या चित्रापुढे लोक पोट धरून हसत, त्याच चित्रापुढे आज ते मान हलवून "बिचारा" म्हणू लागले. एक गृहस्थ पालथ्या चौकीचे चित्र पाहून रडले. तरुणपणी त्यांनी स्वतः सहा-सात चौक्या पालथ्या घातल्या होत्या. पण रडणारा माणूस चित्र विकत घेत नाही. हसू शेजाऱ्याला दाखवायला नेता येते, रडू नेता येत नाही.

बाईंनी फिचला बोलावले आणि काही नवे काढायला सांगितले. फिच म्हणाला की तांब्याचा नवा पत्रा महाग आहे, पण घाबरू नका. चित्रकारांची एक जुनी युक्ती असते: पत्र्याला मागून ठोकायचे, पुढून घासायचे, आणि नको तेवढाच भाग पुन्हा कोरायचा. फिचने झोपलेल्या चार्लीची मऊ रुंद टोपी घासून काढली आणि तिथे उंच काळी टोपी कोरली. लांब कोटाचा आखूड कोट केला. खाली लिहिले: "नवा पोलीस कर्तव्यावर." चेहरा त्याने तसाच ठेवला, कारण चेहरा घासायला फार वेळ लागतो, आणि फिचचे म्हणणे असे की गिऱ्हाईक चेहरा पाहत नाही, टोपी पाहते.

पहिल्या दिवशी एवढीच चूक झाली की रंग भरणाऱ्या बायकांनी सवयीने सगळे पोलीस तपकिरी केले. ते खेड्यांकडे पाठवण्यात आले. खेड्यांतल्या लोकांनी अजून पोलीस पाहिलेला नव्हता, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही.

चित्र धो धो चालले. खरा पोलीस झोपत नाही हे सर्वांना ठाऊक होते. तरी लोक हसले, कारण हसायची सवय होती आणि टोपी नवी होती. फिचने मग एकामागून एक सगळे जुने पत्रे बाहेर काढले. चोराची शिडी धरणारा पोलीस, पालथा पोलीस, स्वयंपाकिणीच्या दारात थंड मटण खाणारा पोलीस. (हे शेवटचे मात्र खरे होते. आमच्या पेठेतल्या स्वयंपाकघरांना इतका कडक पहारा पूर्वी कधीच नव्हता.) खिडकीपुढे पुन्हा गर्दी लोटली.

आणि गर्दी लोटली म्हणून पोलीस आला.

त्याचे नाव सायलस ग्रूम. स्वभावाने चांगला, नुकताच शेतावरून आलेला मुलगा. त्याला वरून एकच वाक्य शिकवले होते: पदपथावर कोणी उभे राहिले की म्हणायचे, "चला, पुढे चला." ते तो इतक्या मनापासून म्हणे की लोक चालू लागत. रोज सकाळपासून तो खिडकीपाशी येऊन हे वाक्य म्हणू लागला.

आता चालत्या माणसाचे गणित पाहा. नेहमीच्या चालीने जाणाऱ्या माणसाला खिडकीतली दीड चित्रे दिसतात. चित्र पाहायचे, खालची ओळ वाचायची, कोणाची थट्टा आहे ते ओळखायचे, एवढे होईपर्यंत तो पुढच्या दुकानासमोर पोचलेला असतो. पुढचे दुकान क्रम्प यांचे. त्यामुळे झाले असे की विंपनीबाईंची चित्रे पाहून येणारे हसू रोज, ओळीने, शवपेट्यांच्या दुकानासमोर फुटू लागले. आत बापाच्या पेटीचे लाकूड निवडत बसलेल्या मुलांना बाहेरून हा हशा ऐकू येई. क्रम्प यांनी पोलिसांकडे तक्रार केली. पोलिसांनी ग्रूमला अधिक जोराने म्हणायला सांगितले. लोक अधिक वेगाने चालू लागले, आणि हसू आता शवपेट्यांपलीकडच्या सुईणीच्या दारात फुटू लागले. सुईणीने तक्रार केली नाही.

बाईंच्या दुकानात मात्र कोणी येईना. इतक्या पुढे गेल्यावर लाज वाटून परत फिरणारी माणसे लंडनमध्ये थोडी. रंगाच्या टेबलाशी बायका हात बांधून बसल्या. बाईंनी त्यांना सांगून टाकले की नाताळपर्यंत गिऱ्हाईक परतले नाही तर दुकानाला कुलूप लागेल, तुम्ही दुसरीकडे कामे पाहा.

त्याच दुपारी एनॉक ट्रिब दुकानात आला. त्याच्या कोटावर कोबीची पाने चिकटली होती.

"बाई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी पोलिसात आहे का?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला तर काढलं ना?"

"मलाही तसंच वाटत होतं. पण गल्लीतली माणसं तुमचं चित्र दाखवतात. थोबाड माझं, टोपी पोलिसाची. नव्या पोलिसांच्या 'पुढे चला'चा सगळा राग माझ्यावर काढतात. काल सलगम, आज कोबी. आता मार पोलिसाचा खायचा तर पगारही पोलिसाचा द्या. नाहीतर ती टोपी काढा."

बाईंनी फिचकडे पाहिले. फिचने छताकडे पाहिले. टोपी काढली तर चित्र खपत नाही आणि चेहरा काढायला वेळ लागतो, हे ट्रिबला समजावून सांगण्यात आले. ट्रिब समंजस होता. तो म्हणाला, मग मी जरा बसून विचार करतो. आणि बाहेर जाऊन सवयीने आपल्या जुन्या चौकीत बसला.

ग्रूम लगेच आला. "चला आजोबा, पुढे चला."

"मी उभा कुठे आहे?" ट्रिब म्हणाला. "आणि हा पदपथ नाही पोरा, ही चौकी आहे. पेठेची. तुमच्या साहेबाला विचारून ये."

ग्रूम प्रामाणिक होता, तो विचारायला गेला. तेव्हा जे कळले ते असे. पंचांचे म्हणणे होते की पहाऱ्याचे काम सरकारने घेतले, तेव्हा चौकीही सरकारने न्यावी. सरकारचे म्हणणे होते की आम्ही पहारा घेतला, पेठेची मोडकी लाकडे घेतली नाहीत. हा वाद चालू असेपर्यंत चौकी कोणाचीच नव्हती, आणि म्हणून तीत बसलेल्या माणसाला "पुढे चला" म्हणण्याचा अधिकारही कोणाला नव्हता. साऱ्या लंडनमध्ये एक माणूस निर्धास्त स्थिर राहू शकेल अशी ही एवढीच जागा उरली होती. आणि ती विंपनीबाईंच्या खिडकीकडे तोंड करून होती.

बाईंच्या हे लगेच लक्षात आले. दुसऱ्या दिवसापासून ट्रिबला त्यांनी कामावर ठेवले. गिऱ्हाइकाने चौकीत बसायचे, खिडकी मनसोक्त पाहायची, हसायचे, उठायचे आणि लाज वाटत असतानाच थेट दुकानात शिरायचे. पुढच्याने बसायचे. बाकीची रांग चौकीभोवती गोल गोल चालत राही. ग्रूमने रांग तपासली आणि समाधान व्यक्त केले: प्रत्येकजण पुढे चालत होता.

एकच अडचण होती. त्या चौकीत बसले की झोप येई. तीन बाजूंनी लाकूड, पाठीला किंचित कलती फळी, वारा नाही, आणि उन्हाळा असो की हिवाळा, आत तीच ऊब. धडधाकट, कर भरणारी, पहारेकऱ्यांच्या झोपेवर पाच-पाच मिनिटे व्याख्यान देऊ शकणारी माणसे आत बसत आणि तिसऱ्या चित्रापर्यंत पोचत नसत. ट्रिब त्यांना हलक्या हाताने उठवी. त्याने कोणाला टोचून काही म्हटल्याचे ऐकिवात नाही.

दुकान पुन्हा चालू लागले तसा पुन्हा हशा वाढला, आणि क्रम्प यांनी पंचांच्या सभेत ठराव मांडला: चौकी पेठेचीच आहे, ती तात्काळ फोडून जळणात घालावी. पंच म्हणाले, फोडण्यापूर्वी रीतसर पाहणी व्हायला हवी. ती क्रम्प यांनीच करावी असे ठरले. बाईंना निरोप आला की सोमवारी दुपारी पाहणी, मंगळवारी कुऱ्हाड.

सोमवारी सगळी पेठ जमली. (ग्रूमच्या सोयीसाठी ती गोल फिरत होती.) दारात बाई आणि त्यांच्यामागे रंगाने माखलेल्या हातांच्या बायका उभ्या होत्या. क्रम्प जेवून आले. त्यांनी चौकीची लांबी मोजली, रुंदी मोजली, फळीवर बोट आपटून पाहिले. पेट्यांतला त्यांचा अनुभव मोठा. ते म्हणाले, लाकूड किडलेले आहे. मग आसनाची पाहणी करण्यासाठी ते आत बसले. खिडकीतला झोपलेला पोलीस पाहून त्यांनी नापसंतीने मान हलवली. ती एकदा हलली, दुसऱ्यांदा जरा सावकाश हलली, आणि तिसऱ्यांदा छातीवर टेकली ती तिथेच राहिली. थोड्याच वेळात आतून घोरणे ऐकू येऊ लागले.

पेठ फिरायची थांबली. ग्रूमसुद्धा "पुढे चला" म्हणायचे विसरला.

रांगेत दोन खानदानी तरुण होते. भरलेली चौकी दिसल्यावर त्यांचे हात आपोआप पुढे झाले. वाडवडिलांचे संस्कार असे सहज जात नाहीत. त्यांनी चौकीला खांदा लावला, तेव्हा एका बाजूने ट्रिब आडवा आला आणि दुसऱ्या बाजूने ग्रूम.

"सोडा आजोबा," एक तरुण म्हणाला. "यानेच तर तुमची नोकरी घालवली. पडू द्या की तोंडावर."

"झोपलाय तो," ट्रिब म्हणाला. "बाकीच्यांना झोपता यावं म्हणून तर पेठ आम्हाला ठेवायची. इतकी वर्षं मीच झोपतो म्हणून ओरडा खाल्ला. आज पहिल्यांदा काम नीट जमतंय, तर तुम्ही आडवे येताय."

मग ग्रूमकडे वळून तो हळूच म्हणाला, "त्या अंगाला तू थांब पोरा. आणि ते तुझं 'पुढे चला' जरा हळू म्हण. जागा होईल."

ग्रूम ते कुजबुजत म्हणाला. तरुण निघून गेले. झोपलेल्या पंचाच्या एका हाताला जुना पहारा आणि दुसऱ्या हाताला नवा, असे दृश्य लंडनमध्ये पूर्वी कोणी पाहिले नव्हते. फिचने माडीवरून ते पाहिले आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच कोरा तांब्याचा पत्रा हातात घेतला.

क्रम्प जागे झाले तेव्हा समोरच्या खिडकीत बाई त्या चित्राचा पहिला छाप, अजून ओलाच, लावत होत्या. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. टोपी त्यांची होती, आणि या वेळी चेहराही त्यांचा होता.

"झाली का पाहणी, क्रम्पसाहेब?" बाईंनी विचारले.

"चालू आहे," क्रम्प म्हणाले.

मग ते दुकानात शिरले. आत जे बोलणे झाले त्याचा सारांश असा की चेहरा तेवढा घासून काढायचा, आणि कुऱ्हाड मंगळवारी यायची नाही. फिचने कुरकुर केली, पण चेहरा घासला. तिथे दुसरा कोणाचा कोरायचा हे काही ठरेना, म्हणून ती जागा गुळगुळीत कोरी राहिली.

त्या आठवड्यात पंचांनी नवा ठराव केला. चौकीचे लाकूड किडलेले असल्याने तिची पाहणी घाईने करणे योग्य नाही. ती सखोल व्हावी. सर्व पंचांनी आळीपाळीने, जेवणानंतर, आत बसून ती करावी. उरलेल्या वेळात जनतेने बसण्यास हरकत नाही. पाहणी करणाऱ्यांना वेळेचे भान राहावे म्हणून एनॉक ट्रिब याला पगारावर घेण्यात येत आहे. त्याने दर अर्ध्या तासाला किती वाजले आणि हवा कशी आहे हे ओरडून सांगावे. पाहणी अजून पूर्ण झालेली नाही. दुकान जोरात आहे, आणि बाईंनी रंगाच्या टेबलाशी आणखी दोन बायका बसवल्या आहेत.

कोऱ्या चेहऱ्याचे ते चित्र आजवरच्या सर्व चित्रांपेक्षा जास्त खपले. जो येतो तो चौकीत बसतो, झोपलेल्या त्या गृहस्थाकडे निरखून पाहतो आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणतो, "अगदी आमचा शेजारी." मग एक प्रत शेजाऱ्याला भेट द्यायला आणि एक आपल्या भिंतीवर लावायला, अशा दोन घेऊन जातो. दोन दिवसांनी त्याचा शेजारीही येतो आणि तोही दोनच घेतो. चित्रात आपण आहोत असे म्हणणारे गिऱ्हाईक बाईंनी अजून पाहिलेले नाही.

हे वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे कोणाचा तरी चेहरा आला असेल. तो कोणाचा, हे मी विचारत नाही. तो माणूस भेटला तर त्यालाच ही गोष्ट वाचायला द्या, आणि त्याच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा आला तेवढे विचारून घ्या.